नवा लॅपटॉप सहा महिन्यातच तापायलाय, काय करावं?

प्रश्न : दादा नमस्कार, मी सेलूहून लिहायलेय. माझी मुलगी नांदेडला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, दिवाळीत सोयाबीनचे पैसे आले तेव्हा तिला नवीन लॅपटॉप घेऊन दिला, ८ जीबी रॅमचा, ५१२ जीबी एसएसडीवाला. सुरुवातीला एकदम फास्ट होता. आता ती सुट्टीला घरी आलीय तर दुपारी लई गरम होतो, पंखा भर्र भर्र आवाज करतो, आणि वर्ड उघडायलाही वेळ लागतो. ती गादीवर बसून करते, कूलरसमोर. शेजारच्या पोराने कचरा साफ करायची दोन क्लीनर सॉफ्टवेअर टाकून दिली त्यानं काही फरक नाही, दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा नाहीतर रॅम वाढवा. चार्जर दिवसभर लावलेलाच असतो कारण लाईटीचा भरवसा नाही. मोटारसायकलची जशी सर्व्हिसिंग असते तशी याची पण असते का, आणि ती घरी करता येते का? (एक आई, सेलू, जि. परभणी)

उत्तर : ताई नमस्कार. आधी फॉरमॅट बिलकुल मारू नका, त्यानं सगळं पुसून जातं, आणि रॅमचे, म्हणजे चालू कामाच्या मेमरीचे, पैसेही अजून काढू नका. तुमच्या पत्रातच उत्तर आहे, गादी आणि दुपार.

लॅपटॉप खालच्या जाळीतून हवा आत ओढतो आणि बाजूने किंवा स्क्रीनच्या बिजागरीजवळून गरम हवा बाहेर टाकतो. गादीवर, उशीवर, गोधडीवर ठेवला की ती खालची जाळी बंद होते. त्यात बहुतेक कंपन्या लॅपटॉप ३५ अंशापर्यंतच्या हवेत वापरा असं सांगतात आणि आपल्याकडं परभणी, नांदेड, लातूरला मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, म्हणजे हवाच आधी तापलेली. मग प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू, स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, तो बिघडलेला नसतो बरं का, मुद्दाम हळू चालतो. खात्री करायची तर एक करून बघा, पहाटे सहा वाजता लाकडी टेबलावर ठेवून तेच काम करायला सांगा आणि तेच काम दुपारी दोनला. पहाटे फास्ट आणि दुपारी स्लो असेल तर दुखणं उष्णतेचं आहे. पहाटेही स्लोच असेल तर मात्र सॉफ्टवेअर किंवा रॅम बघायची.

तर पहिलं काम, कडक पृष्ठभाग. टेबल नसेल तर पोळपाट चालतो, लाकडी फळी चालते, मागच्या बाजूला दोन बाटलीची झाकणं लावून थोडा उंच केला तर अजून बरं. कूलरच्या अगदी तोंडाशी ठेवू नका, त्यातून पाण्याचे बारीक तुषार येतात, थोडं बाजूला पंख्याखाली बसू द्या. जड काम म्हणजे कोडिंगचं मोठं सॉफ्टवेअर, व्हिडिओ, हे सकाळी किंवा रात्री.

दुसरी गोष्ट धूळ, आणि ही आपल्याकडं फार मोठी आहे. उन्हाळ्यात काळ्या रानातून वावटळ उठते, मळणीच्या दिवसात सोयाबीनचं भुस्कट घरभर होतं, जिनिंगजवळ घर असेल तर कापसाचे तंतू. हे सगळं पंख्यात जाऊन बसतं. दोन महिन्यातून एकदा लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून, मऊ कोरड्या ब्रशने जाळ्या साफ करा. हवेचा डबा किंवा ब्लोअर असेल तर लांबून, थोडा थोडा झोत मारा, एकाच जागी जोरात नको, कारण जोराच्या हवेने पंखा भन्नाट फिरून खराब होऊ शकतो. व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. आणि वॉरंटीत असताना गल्लीतल्या दुकानात खोलून घेऊ नका, आतली सफाई वर्षभराने कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवरच करून घ्या. स्क्रीनला फक्त मायक्रोफायबर कापड, डाग असेल तर किंचित ओलं करून. काच पुसायचा स्प्रे मारू नका.

आता बॅटरी, कारण दिवसभर चार्जर लावून ठेवणं आणि वरून गरमी हे दोन्ही एकत्र आलं की लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. उपाय सोपा आहे, बहुतेक कंपन्यांच्या स्वतःच्या अ‍ॅपमधे चार्ज ८० टक्क्यावर थांबवायची सेटिंग असते, ती चालू करा, मग चार्जर लावलेला असला तरी तेवढा त्रास नाही. नांदेडला परीक्षेच्या दिवसात लाईट जायची भीती असेल तर त्या दिवसापुरती काढा. वळवाचा पाऊस, विजा सुरू झाल्या की पिन काढून ठेवा, आणि लाईट गेली असेल तर ती परत येताना जो झटका येतो त्याच्याआधी काढलेली बरी, हे मी स्वतः चार्जर जाळून शिकलोय. आणखी एक, टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला किंवा बुड फुगलं तर बॅटरी फुगलीय समजा, वापर ताबडतोब बंद आणि सर्व्हिस सेंटर.

विंडोजमधे काय करायचं ते मुलीला वाचून दाखवा. ती दोन क्लीनर सॉफ्टवेअर आधी काढून टाका, त्यांची गरज नाही, उलट तीच मागं चालू राहून मशीन खातात. लॅपटॉपसोबत आलेला ट्रायल अँटीव्हायरस संपला असेल तर तोही काढा, विंडोजचा डिफेंडर आपोआप चालू होतो आणि घरच्या वापराला तो पुरतो. मग कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायचा, स्टार्टअप अ‍ॅप्समधे, म्हणजे लॅपटॉप सुरू होताच आपोआप चालू होणाऱ्या अ‍ॅप्समधे, जे रोज लागत नाही ते डिसेबल करायचं. तिथंच मेमरी, म्हणजे रॅम किती भरलीय ते दिसतं, रोजचं काम करताना ती सतत ९० टक्क्याच्या वर राहत असेल तेव्हाच रॅमचा विचार करा, आणि त्याआधी विचारा की या मॉडेलमधे रॅम वाढते का, काहींमधे ती चिकटवलेलीच असते. सेटिंगमधे स्टोरेज सेन्स चालू केलं की कचरा फाइली आपोआप जातात, सी ड्राइव्हमधे पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवा. एसएसडीला, म्हणजे फाइली साठवायच्या ड्राइव्हला, डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइली जुळवणं) हाताने करायची भानगड नको, विंडोज तिचं तिचं बघतं. आणि पुष्कळ जणांना माहीत नसतं म्हणून सांगतो, फास्ट स्टार्टअप चालू असला की शटडाउन केलं तरी विंडोज पूर्ण ताजं होत नाही, रीस्टार्ट केल्यावर होतं, म्हणून आठवड्यातून एकदा रीस्टार्ट.

अपडेट टाळू नका. मायक्रोसॉफ्टचे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडं रात्र झालेली असते, म्हणजे बुधवारी बघायचं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डेटा संपतो, तर त्या नेटवर्कला मीटर्ड (म्हणजे मोजका डेटा असलेलं) करून ठेवा आणि अपडेट कॉलेजच्या वायफायवर करू द्या. झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आलेला पेनड्राइव्ह उघडायच्या आधी स्कॅन करायचा, ही सवय लावाच. असाइनमेंट आणि फोटोंची एक कॉपी बाहेरच्या ड्राइव्हवर, एक गुगल ड्राइव्हवर, तिथं १५ जीबी फुकट मिळते.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं म्हणाल तर किलोमीटर नाहीत ताई, पण रोज कडक जागा, आठवड्याला रीस्टार्ट, महिन्याला अपडेट, दोन महिन्याला धूळ, एवढं तुम्ही दोघी मिळून घरी बघू शकता, वर्षाची आतली सफाई तेवढी सर्व्हिस सेंटरवर.

प्रश्न : सर, लातूरहून. लॅपटॉप चार्जिंगला लावला की वरच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होतं, बारीक करंट. मशीन खराब आहे का? (कॉलेजचा विद्यार्थी)

उत्तर : बहुतेक वेळा मशीन नाही, घराचं अर्थिंग. तुझा चार्जर तीन पिनचा असेल तर तो दोन पिनच्या कन्व्हर्टरमधे घालून लावतोस का ते बघ, तसं असेल तर थेट तीन पिनच्या सॉकेटमधे लाव. तरी मुंग्या येत असतील तर वायरमनला बोलवून अर्थिंग तपासून घे, जुन्या भाड्याच्या खोल्यांमधे तिसऱ्या छिद्रात वायरच नसते, घरमालकाला सांगायला लाजू नकोस. चार्जर डुप्लिकेट असेल तर तो आजच बदल. आणि नुसत्या मुंग्या नाही, जोराचा झटका बसत असेल तर मेन स्विच बंद करूनच पिन काढ आणि वायरमन येईपर्यंत त्या बोर्डाला हात लावू नकोस.