यात्रेतला एक पेला आणि सहा महिन्यांची मेहनत

प्रश्न : व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यावर माझे यजमान सहा महिने दारूला शिवले नाहीत. गावच्या महालक्ष्मी यात्रेत पाहुण्यांच्या आग्रहाने त्यांनी एकदा घेतली आणि ‘आता सगळे वायाच गेले’ असे म्हणत गेले तीन आठवडे ते रोज पीत आहेत. सासूबाई म्हणतात, आता त्याचा नाद सोड. व्यसनांवर मानसशास्त्रात एवढे संशोधन होते, त्यातले काही आमच्यासारख्या घराच्या उपयोगाचे आहे का?
— एक भगिनी, खानापूर तालुका

उत्तर : ताई, ‘आता सगळे वायाच गेले’ या आपल्या यजमानांच्या उद्गाराचाच अभ्यास अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी अनेक वर्षे केला. 1985 मध्ये ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी एकदा पाय घसरणे आणि पूर्वीच्या व्यसनात परत जाणे या दोन वेगळ्या घटना मानल्या. पहिलीतून दुसरी घडते ती बव्हंशी त्या माणसाने स्वतःच्या चुकीचा काय अर्थ लावला त्यावरून, असे त्यांचे म्हणणे होते. संकष्टीच्या दिवशी चुकून काही तोंडात गेले की ‘उपवास मोडलाच आहे, मग जेवूनच घेऊ’ असे आपल्याला वाटते, तसेच हे आहे. ‘माझ्यात दमच नाही’ असे ज्याने ठरवले त्याची अपराधी भावना वाढत जाते, आणि ती बुडवायला त्याला ठाऊक असलेला उपाय एकच असतो. ‘यात्रेत, आग्रहापुढे मला नाही म्हणता आले नाही’ असे जो स्वतःला सांगू शकतो, त्याच्यापाशी पुढच्या वेळेसाठी दुरुस्त करण्याजोगे काहीतरी उरते.

मार्लॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दारू, सिगारेट, हेरॉइन अशा सवयींकडे परत वळण्याचे 311 प्रसंग तपासले, तेव्हा जवळजवळ तीन चतुर्थांश प्रसंगांमागे तीनच कारणे आढळली : मनाची खिन्नता किंवा चीड, घरातील वा बाहेरचे भांडण, आणि चारचौघांचा आग्रह. आपल्याकडे यात्रेच्या जेवणावळीत पाहुण्याला ‘घे की’ म्हणणे हा पाहुणचार समजला जातो, त्यामुळे आपल्या यजमानांसमोरचा प्रसंग सोपा नव्हता, हे सासूबाईंनाही समजावून सांगावे.

‘नाद सोड’ या सल्ल्याबाबत माझे मत स्पष्टपणे वेगळे आहे. न्यू मेक्सिको विद्यापीठातील विल्यम मिलर व रॉबर्ट मेयर्स यांनी 1999 मध्ये, उपचार नाकारणाऱ्या मद्यपींच्या 130 आप्तांवरील संशोधन प्रसिद्ध केले. माणूस शुद्धीत असताना त्याच्याशी आपुलकीने वागणे, प्यालेला असताना वाद न घालता बाजूला होणे आणि योग्य वेळ पाहून उपचारांचा विषय काढणे, हे ज्यांना शिकवले त्यांच्यापैकी 64 टक्के जणांच्या माणसाने उपचार सुरू केले. समोर बसवून जाब विचारण्याच्या पद्धतीत हे प्रमाण 30 टक्के होते आणि आपण अलिप्त राहावे अशी शिकवण मिळालेल्यांत 13 टक्के. मात्र ते हात उगारत असतील तर आपली व मुलांची सुरक्षितता आधी पाहावी.

हे सगळे परदेशातले, असे आपल्याला वाटेल. चोर्ल्याचा घाट उतरला की लागणाऱ्या गोव्यात, तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांतील 377 पुरुषांवर समुपदेशनाचा एक प्रयोग झाला आणि तो 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली स्थानिक माणसे होती. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्के, तर इतरांपैकी 26 टक्के पुरुष घातक मद्यपानातून बाहेर आले होते. अर्थात त्यात पूर्णपणे व्यसनाधीन झालेल्यांना घेतलेले नव्हते, त्यामुळे आपल्या यजमानांना केवळ गप्पांनी भागेल असे मी म्हणणार नाही.

आणखी एक गोष्ट तातडीची. रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हातपाय कापणे, झटके, भ्रम असे प्रकार होऊ शकतात व ते जिवावर बेतू शकतात, म्हणून घरात कोंडून दारू तोडू नये. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, तेथे मराठीत बोलायचे आहे, असे सुरुवातीलाच सांगावे.

प्रश्न : दारू सुटण्याची गोळी नवऱ्याला न सांगता भाजीतून दिली तर चालेल का?
— निपाणी

उत्तर : नाही. डायसल्फिराम नावाच्या या औषधामुळे दारूचे शरीरातील विघटन अर्ध्यावर अडते आणि ॲसिटाल्डिहाइड हा विषारी घटक साठतो. गोळीची कल्पना नसलेला माणूस वर दारू प्याला, तर उलट्या, धाप, रक्तदाब कोसळणे इथपासून हृदयविकारापर्यंत काहीही ओढवू शकते. हे औषध रुग्णाच्या संमतीने आणि तपासण्या करूनच देतात. गोळी थांबवल्यावरही तिचा परिणाम 14 दिवसांपर्यंत टिकू शकतो. आपण ती आधीच दिली असेल, तर आजच डॉक्टरांना आणि नवऱ्यालाही सांगावे.