आधी गळती शोधा, मग जेट बदला
टू-स्ट्रोक स्कूटर : वाचकांचे प्रश्न

चेतक, एलएमएल आणि कायनेटिक होंडा बाळगणाऱ्यांचे हे सात प्रश्न आहेत. यातलं बहुतेक काम घरच्या अंगणात होतं. त्यासाठी फिलर गेज, चांगले पाने, मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं चुंबकी चाक) काढायचा पुलर आणि मिलिलिटरच्या खुणा असलेलं माप एवढं तरी जवळ हवं.

प्रश्न : चेतक पावसाळ्याचे चार महिने पडवीत उभी होती. आता कितीही किक मारल्या तरी चालू होत नाही. तिरपी करून मारली की मात्र एखादा ठोका देते. (चिपळूण)

तिरपी केल्यावर ठोका पडतो, म्हणजे ठिणगी येते आहे, पेट्रोल पोचत नाही. गाडी कलली की कार्बोरेटरमधला फ्लोट कलतो, पेट्रोल अडवणारी सुई जागा सोडते आणि बाउलमध्ये (खालच्या वाटीत) नेहमीपेक्षा जास्त पेट्रोल चढतं. गार इंजिनाला तेवढ्यापुरतं दाट मिश्रण मिळतं. खरं तर हे काम चोकचं. म्हणून चोकची केबल पूर्ण ओढली जाते का, ते आधी पाहा.

टाकीतलं जुनं पेट्रोल काचेच्या बरणीत काढा. आताच्या पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि कोकणातल्या चार महिन्यांत तो भरपूर मिळतो. बरणीच्या तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी आणि इथेनॉल आहे. असं पेट्रोल इंजिनात घालू नका. टाकीत गंजाची पूड असेल तर टाकी धुऊन, पूर्ण वाळवून मगच भरा.

मग कार्बोरेटर. पेट्रोलची नळी जिथे जोडली जाते तिथली बारीक जाळी काढून धुवा. स्लो जेट (ॲक्सिलरेटर न देता इंजिन चालतं तेव्हा पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा भाग) उजेडासमोर धरा. भोक स्वच्छ गोल दिसलं पाहिजे. आत पिवळसर राळ दिसली तर जेट कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवा आणि हवेच्या दाबाने उडवा. सुई किंवा टाचणी घालू नका. जेट पितळेचं असतं, भोक मोठं होतं आणि गाडी पुढे कायम जास्त पेट्रोल पीत राहते. अगदीच अडलं तर विजेच्या वायरमधली तांब्याची एक तार चालेल.

पॉइंटवाली गाडी (उघडझाप करून ठिणगी पाडणारे पॉइंट असलेली) असेल तर मॅग्नेटच्या खिडकीतून पॉइंट पाहा. ओलाव्याने त्यावर हिरवट-काळा थर येतो. पेट्रोलमध्ये बुडवलेली जाड कागदाची पट्टी पॉइंटमध्ये धरून ओढली की तो निघतो. पॉइंट सर्वांत जास्त उघडलेले असताना गॅप ०.४ मिमी ठेवा, प्लगचा ०.६ मिमी. किक मारताना पॉइंटवरच मोठ्या ठिणग्या उडत असतील तर कंडेन्सर गेला आहे.

पहिली किक मारण्याआधी प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर टू-टी ऑइल सोडा आणि किक हाताने हळू दाबत दहा वेळा फिरवा. रिंगांवर गंजाची पुटं असतील तर कोरडी किक ब्लॉकला ओरखडे पाडते.

प्रश्न : इंजिन तापलं की सिग्नलला स्लो (ॲक्सिलरेटर न देता इंजिनाचा वेग) आपोआप वाढतो आणि खाली येत नाही. मोठं मेन जेट टाकलं, फरक नाही. (सांगली)

मेन जेटचं काम थ्रॉटल बरंच उघडल्यावर सुरू होतं. स्लो वाढण्याशी त्याचा संबंध नाही. आधी ॲक्सिलरेटरची केबल पाहा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावरही केबलला थोडी ढील राहिली पाहिजे. ती असेल तर तुमच्या इंजिनात कुठून तरी जादा हवा शिरते आहे, आणि हे दुखणं अंगावर काढण्यासारखं नाही.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस (क्रँक फिरतो ती खालची पेटी) हाच पंप असतो. पिस्टन वर जाताना तो मिश्रण ओढतो, खाली येताना सिलिंडरमध्ये ढकलतो. म्हणून क्रँककेस हवाबंद असायलाच हवी. क्रँकच्या दोन्ही टोकांना ऑइल सील असतात आणि त्यांची लक्षणं वेगळी असतात. मॅग्नेटबाजूचं सील गेलं की इंजिन कोरडी हवा ओढतं. मिश्रण पातळ होतं, स्लो चढतो, प्लग पांढरा पडतो आणि एका लांब चढावर पिस्टन सीझ होतो (अडकून बसतो). क्लचबाजूचं सील गेलं की गिअर ऑइल ओढलं जातं. पांढरट दाट धूर येतो, प्लग ओला राहतो आणि गिअर ऑइलची पातळी उतरत जाते. चेतकच्या गिअरबॉक्समध्ये सुमारे २५० मिली एसएई ३० ऑइल बसतं. महिन्याभरात त्यातलं दोनेकशे मिली गायब आणि खाली जमिनीवर थेंब नाही, तर ते सायलेन्सरमधून गेलं.

नक्की करायला प्रेशर टेस्ट करा. सायलेन्सर काढून एक्झॉस्ट पोर्टवर (धूर बाहेर पडायच्या भोकावर) रबरी तुकडा आणि पट्टी घट्ट आवळा. कार्बोरेटर काढून त्याच्या जागीही तसंच बूच करा. पिस्टन पूर्ण खाली आणा. जुन्या प्लगचं पोर्सेलिन फोडून त्यात नळी बसवा आणि ती रक्तदाब मोजायच्या जुन्या डायलच्या यंत्राला जोडा. फुगा दाबत काटा २५० ते ३०० वर न्या आणि घड्याळ लावा. मिनिटाला ५० च्या आत उतार असेल तर इंजिन ठीक. सर्रकन उतरला तर साबणाचं पाणी ब्रशने हेडचा जोड, ब्लॉकखालचं पॅकिंग, क्रँककेसचा जोड आणि मॅग्नेटमागच्या सीलवर लावा. जिथे बुडबुडे, तिथे गळती. गिअर ऑइलच्या भोकातून फसफस ऐकू आली तर दोषी क्लचबाजूचं सील.

मॅग्नेटबाजूचं सील बऱ्याच मॉडेलवर स्टेटर प्लेट काढल्यावर बाहेरून बदलता येतं. प्लेट सोडण्याआधी केसवर आणि प्लेटवर एकच आडवी रेघ कोरा, म्हणजे टायमिंग हलणार नाही. क्लचबाजूच्या सीलला इंजिन उघडावं लागतं. त्या वेळी दोन्ही सील बदला, आणि नेहमीच्या काळ्या रबराऐवजी इथेनॉल सोसणारे व्हायटॉनचे तपकिरी सील घ्या. किमतीतला फरक इंजिन पुन्हा उघडण्याच्या मजुरीपुढे काहीच नाही.

जेट पुन्हा मूळ नंबरचं बसवा.

प्रश्न : ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमुळे इंजिन तापतं असं ऐकलं. सुरक्षित म्हणून लिटरला ४० मिली ऑइल घालू का? (नाशिक)

नको. २० मिली, म्हणजे २ टक्के, पुरेसं आहे. ऑइल जासो (JASO) या जपानी मानकाच्या एफसी किंवा एफडी प्रतीचं घ्या. ४ टक्के फक्त नव्या पिस्टनच्या पहिल्या ५०० किलोमीटरला ठीक. जेटमधून ठरावीक द्रवच जातो. त्यात ऑइलचा वाटा वाढवला की पेट्रोलचा कमी होतो, म्हणजे मिश्रण उलट पातळच होतं. वर कार्बन साठतो तो वेगळा.

ई-२० ला जळायला पेट्रोल आणि हवेचं प्रमाण थोडं दाट लागतं. ई-१० वर नीट चालणाऱ्या गाडीला साधारण ४ टक्के जास्त इंधन हवं. चेतक-एलएमएलच्या स्पाको जातीच्या कार्बोरेटरमध्ये जेटचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १०० नंबर म्हणजे १ मिमी. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणून १०० चं १०२ केलं की पुरवठा ४ टक्के वाढतो. तेवढंच करा. मग नवा प्लग लावून पूर्ण ॲक्सिलरेटरवर किलोमीटरभर चालवा, क्लच दाबून लगेच इंजिन बंद करा आणि प्लग काढा. भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीचा रंग हवा. पांढरा असेल तर आणखी दोन नंबर वर जा, काळा-ओला असेल तर खाली या.

स्लोचं मिश्रण वेगळं जुळवायचं असतं. मिश्रणाचा स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल, जसा स्पाकोवर असतो, तर तो बाहेर काढल्यावर मिश्रण दाट होतं. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर नेमकं उलटं. हे न बघता स्क्रू फिरवणारे पुष्कळ आहेत. हळुवार पूर्ण आत बसवा, दोन फेरे बाहेर काढा आणि तिथून पाव-पाव फेरा पुढे-मागे करा.

प्रश्न : पीयूसीत हायड्रोकार्बन जास्त येतात. गाडी १९९८ ची. (पुणे)

तुमच्या गाडीला मर्यादा कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएम. १ एप्रिल २००० नंतरच्या टू-स्ट्रोकला ३.५ टक्के आणि ६,०००. मोजणी स्लोवर होते, त्यामुळे गार इंजिन घेऊन गेलात तर नापास व्हालच. आधी दहा-बारा किलोमीटर चालवा, स्लोचं मिश्रण वर सांगितल्याप्रमाणे लावा, एअर फिल्टर पेट्रोलमध्ये धुऊन वाळवा.

तरीही आकडा उतरला नाही तर सायलेन्सर तुंबला आहे. तो काढून खालचं तोंड बुचाने बंद करा. बादलीत पाणी घेऊन त्यात लिटरला १०० ग्रॅम कॉस्टिक सोडा हळूहळू सोडा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नका, ते उसळतं. हातमोजे आणि चष्मा हवाच, जागा उघडी हवी. द्रावण सायलेन्सरमध्ये भरून रात्रभर ठेवा, सकाळी भरपूर पाण्याने धुवा. हे फक्त लोखंडी सायलेन्सरसाठी. ॲल्युमिनियमचं हेड आणि पिस्टन सोड्यात टाकले तर धातूच खाल्ला जातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. तिथला कार्बन लाकडी पट्टीने खरवडा. एक्झॉस्ट पोर्ट साफ करताना पिस्टन पूर्ण खाली ठेवा, म्हणजे रिंगला ओरखडा जाणार नाही.

प्रश्न : ६ व्होल्ट पॉइंटवाल्या गाडीला १२ व्होल्ट सीडीआय (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक ठिणगी) बसवावं का? (डोंबिवली)

जुन्या स्कूटरला करण्यासारखी सगळ्यात चांगली सुधारणा हीच. स्टेटर, मॅग्नेट, सीडीआय युनिट आणि रेग्युलेटर असा पूर्ण संच घ्या. सगळे बल्ब, हॉर्न आणि फ्लॅशरही १२ व्होल्टचे लागतील.

घोटाळा होतो तो मॅग्नेटच्या टेपरमध्ये. क्रँकच्या टोकाचा निमुळता भाग आणि मॅग्नेटचं भोक यांचे मापाचे प्रकार एकाहून अधिक आहेत. क्रँकच्या टेपरवर मार्करची शाई लावा, मॅग्नेट चावीशिवाय दाबून थोडं फिरवा आणि काढा. शाई सगळीकडे सारखी पुसली गेली असेल तरच माप जुळलं. नुसत्या कडेलाच पुसली असेल तर ते मॅग्नेट परत करा. अर्धचंद्र चावीच्या भरवशावर घट्ट बसवलंत तर ती चावी तुटेल आणि क्रँकचं टोक खाऊन टाकेल.

रेग्युलेटरच्या बॉडीला चांगलं अर्थिंग द्या, नाहीतर बल्ब एकामागून एक उडतील. प्लगची वायर लोंबकळत ठेवून किक मारू नका, सीडीआय जळतं. एलईडी दिवा लावायचा असेल तर तो डीसीवर चालतो हे लक्षात घेऊन तसा रेग्युलेटर घ्या, नाहीतर स्लोवर लुकलुकत राहील.

प्रश्न : घाटात दम लागतो. १७७ सीसी किट, मोठा कार्बोरेटर आणि एक्स्पान्शन चेंबर (फुगीर पोटाचा सायलेन्सर) टाकावा म्हणतो. (फोंडा)

चेतकचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ५७ मिमी आणि स्ट्रोकही (पिस्टनची धाव) ५७, म्हणून १४५.४५ सीसी. बोअर ६३ केला की १७७ सीसी होते. पण आधी तुमचं मूळ इंजिन पूर्ण ताकद देतं आहे का? रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून टोकांमधला गॅप मोजा. नव्या रिंगला ०.२ ते ०.३५ मिमी असतो. १ मिमीच्या आसपास गेला असेल तर घाटात दम लागणारच. ब्लॉक बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घातला तर गेलेली ताकद परत येते आणि खर्चही फार नसतो.

किट टाकायचंच असेल तर क्रम पाळा. सील नवे, क्रँक सरळ, प्रेशर टेस्ट पास, क्लचच्या स्प्रिंगा कडक आणि मग सिलिंडर. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. हेड आवळल्यावर प्लगच्या भोकातून सोल्डरची तार सिलिंडरच्या कडेपर्यंत घाला, इंजिन हाताने फिरवा आणि चेपलेली जाडी मोजा. १.२ ते १.५ मिमी हवी. कमी असेल तर ब्लॉकखाली जाड पॅकिंग घाला. मेन जेट अंदाजापेक्षा बरंच मोठं टाकून सुरुवात करा आणि प्लग पाहत खाली उतरा. पातळ मिश्रणाकडून दाटाकडे यायचा प्रयत्न करणाऱ्याचा पिस्टन मधेच जातो. एक्स्पान्शन चेंबर चढावर उपयोगाचा नाही. तो वरच्या फेऱ्यांना ताकद देतो आणि खालची काढून घेतो, घाटात नेमकी तीच लागते.

ब्रेक तेच जुने ड्रम राहतात, हे विसरू नका. शिवाय नोंदणीतली सीसी बदलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतं. आरटीओच्या परवानगीशिवाय करू नका, अपघातात विम्याचा दावाही अडकू शकतो.

प्रश्न : कायनेटिक होंडाची ऑइल टाकी चुकून रिकामी झाली. आता भरली आहे. चालवू का? (कोल्हापूर)

लगेच नको. पंपात आणि नळीत हवा शिरली आहे, टाकी भरली तरी ऑइल इंजिनापर्यंत जाणार नाही. पेट्रोलमध्ये लिटरला २० मिली टू-टी मिसळा. मग पंपाचा हवा काढायचा स्क्रू सोडा, बुडबुड्यांशिवाय ऑइल येईपर्यंत थांबा आणि आवळा. इंजिन स्लोवर ठेवून पंपापासून कार्बोरेटरकडे जाणारी पारदर्शक नळी पाहा. हवेचे तुकडे पुढे सरकत जाऊन नळी पूर्ण भरली पाहिजे. नळी भरल्यावरही ते मिसळलेलं पेट्रोल संपेपर्यंत तसंच चालवा आणि ऑइलची पातळी कुठवर आहे त्याची टाकीवर खूण करा. दीडशे-दोनशे किलोमीटरनंतर पातळी खुणेखाली गेली असेल तर पंप चालू आहे. तिथेच असेल तर पंपाची केबल आणि तिच्या जुळणीच्या खुणा तपासा, आणि तोपर्यंत पेट्रोलमध्ये ऑइल मिसळणं सोडू नका.