विनिपेगला येताय? गाडीला ब्लॉक हीटर घरी बसवायचा असेल तर

तुमचा प्रश्न असा, की सप्टेंबरअखेर कॅनडातल्या विनिपेगला येतोय, टोरोंटोच्या नातेवाइकांची जुनी गाडी घेणार आहे, तर तिला ब्लॉक हीटर (थंडीत बंद गाडीचं इंजिन विजेवर गरम ठेवणारं उपकरण) घरच्या घरी बसवता येईल का? येईल. पण आधी पुढच्या जाळीपाशी किंवा बॉनेटखाली तीन पिनांचा प्लग आहे का ते पाहा. इकडे नवी विकलेली गाडी असली की हीटर बहुतेक वेळा असतोच. टोरोंटोच्या गाडीला नसण्याची शक्यता जास्त. कधीकधी हीटर बसवलेला असतो, फक्त वायर जोडलेली नसते. तसं असेल तर वायर घ्या, काम संपलं.

हीटर लागतो कशाला? जानेवारीत इथे उणे 30 अंश होणं नवलाचं नाही. त्या थंडीत ऑइल घट्ट होतं आणि बॅटरीची ताकदही निम्म्याच्या आसपास येते. इंजिन फिरवायला जास्त जोर हवा आणि नेमका तेव्हाच तो कमी. हीटर इंजिनच्या ब्लॉकमधलं, म्हणजे मुख्य धातूच्या भागातलं, कूलंट (इंजिनमध्ये फिरणारं थंडावा देणारं द्रव) गरम ठेवतो, त्यामुळे स्टार्टरवरचा भार उतरतो. बॅटरीला मात्र तो गरम करत नाही. ती जुनी असेल तर हिवाळ्याआधीच बदला.

हीटर तुमच्या इंजिनसाठीचाच घ्या. मॉडेल आणि इंजिनचा आकार सांगितला की पार्ट्सच्या दुकानात नेमका नंबर काढून देतात. टोयोटाच्या काही इंजिनांत ब्लॉकला कोरडं भोक असतं. त्यात थर्मल पेस्ट (उष्णता नीट पोचवणारी पेस्ट) लावून हीटर सरकवायचा, कूलंट काढावंच लागत नाही. ऑइल पॅनला (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याला) चिकटवायचे गरम होणारे पॅडही मिळतात. ते बसवायला सोपे, पण माझ्या मते पहिली पसंती ब्लॉक हीटरच असावी.

बऱ्याच गाड्यांत हीटर फ्रॉस्ट प्लगच्या, म्हणजे ब्लॉकचं भोक बंद करणाऱ्या धातूच्या झाकणाच्या, जागी बसतो, आणि खरी मेहनत तिथे आहे. इंजिन पूर्ण थंड असताना गाडी जॅक स्टँडवर (गाडी पेलून धरणाऱ्या पक्क्या आधारांवर) घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. कूलंट भांड्यात काढा. ते विषारी असतं आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्री-मांजरं चाटतात. सांडलेला थेंबन् थेंब पुसा आणि जुनं कूलंट गटारात न ओतता इको-सेंटरला (असं टाकाऊ द्रव स्वीकारणाऱ्या केंद्राला) द्या. मग फ्रॉस्ट प्लगच्या एका कडेवर बोथट छिन्नीने ठोका. तो आडवा फिरला की पकडीने बाहेर ओढा. आत ढकलला गेला तर काढताना जीव मेटाकुटीला येतो. भोकाची कड पॉलिश पेपरने अगदी गुळगुळीत करा, कारण गळती होते ती तिथूनच. ओ-रिंगला (हीटरवरच्या रबरी कड्याला) थोडं ग्रीस लावून हीटर बसवा. आतली कॉइल ब्लॉकच्या धातूला टेकू देऊ नका. तिची दिशा सूचनापत्रकात दिलेली असते. स्क्रूही तिथे सांगितलेल्या जोरानेच आवळा.

नवं कूलंट भरताना पाणी आणि अँटिफ्रीझ (कूलंट गोठू न देणारं द्रव) निम्मं-निम्मं असेल तर ते साधारण उणे 37 पर्यंत टिकतं. इथल्यासाठी मी अँटिफ्रीझ 60 टक्के ठेवायला सांगेन. इंजिन चालवून आतली हवा पूर्ण बाहेर काढा, गळती तपासा, आणि मगच हीटरची वायर विजेला लावा. कूलंटशिवाय कोरडा हीटर एक क्षणही चालू करू नका, कॉइल जळते. जोडणी बरोबर आहे का हे वायर विजेला लावण्याआधी मल्टिमीटरवर (विजेचा रोध मोजणाऱ्या मीटरवर) कळतं: 120 व्होल्टचा 400 वॅटचा हीटर साधारण 36 ओहम दाखवतो.

वायर एक्झॉस्ट, पंखा आणि बेल्टपासून लांबून आणून केबल टायने बांधा. एक्सटेन्शन कॉर्ड घराबाहेर वापरण्यासाठी बनवलेलीच, तीन पिनांची आणि जाड, 14 गेजची तरी घ्या. घरातल्या साध्या कॉर्ड थंडीत ताठ होऊन तडकतात. रात्रभर प्लग लावून ठेवायची गरज नाही. टाइमर लावून निघण्याआधी तीन-चार तास पुरतात. साधारण उणे 15 च्या खाली गेलं की लावत जा.

फ्रॉस्ट प्लग मोटर माउंटच्या मागे किंवा एक्झॉस्टखाली दडलेला असेल, तर सरळ मेकॅनिककडे द्या. काम ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरका, नंतर अंगणात गाडीखाली झोपवत नाही आणि गॅरेजवाल्यांकडे रांगा लागतात.

घर भाड्याने घेताना पार्किंगला प्लग आहे का, त्याचे वेगळे पैसे आहेत का, आणि त्याला वीज सतत असते की थांबून थांबून, हे आधी विचारा. बऱ्याच इमारतींत ती आलटून पालटून सोडतात. तसं असेल तर टाइमरची वेळ थोडी आधीची ठेवा.