केमटॅक्स शिकून यावे का, या प्रश्नाचे लांबलेले उत्तर

तुम्ही बडोद्यातील एका औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात, मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर काम करता, वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केले आहे, आणि आता ऑस्ट्रेलियातील होबार्टमध्ये सागरी वनस्पतिप्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्रकाशसंश्लेषी जीवांच्या, रंगद्रव्यांवर पीएच.डी. करण्याची संधी तुमच्यापुढे आली आहे. येण्यापूर्वी केमटॅक्स, म्हणजे रंगद्रव्यांवरून प्लवकांच्या गटांचे वाटे काढणारा संगणकाचा प्रोग्राम, शिकून यावे का, आकडेमोडीच्या संगणकभाषांपैकी मॅटलॅब बरे की आर, सात वर्षांच्या मुलाच्या शाळेचे काय होईल आणि तिथे फार एकटे वाटते का, असे चार प्रश्न तुम्ही विचारले आहेत. व्हिसा, विमा, शिष्यवृत्तीच्या अटी हे सर्व सरकारी आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळांवर नीट लिहिलेले असते, म्हणून त्यात मी शिरत नाही. मी दांडिया बाजारात वाढले, बडोद्यातच शिकले आणि याच विषयासाठी याच गावात आले. तुमचे प्रश्न वाचल्यापासून ते मनातून जात नाहीत, म्हणून उत्तर लांबणार आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. केमटॅक्स चालवायला शिकणे हे थोड्या दिवसांचे काम आहे आणि ते इथे आल्यावर सहज होईल. मॅकी, हिगिन्स, राइट आदींनी तो १९९६ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्यांचे काम तुम्ही येणार आहात त्याच गावच्या आणि आसपासच्या प्रयोगशाळांतले होते. त्याचा गाभा समजायला अवघड नाही. पाण्याच्या नमुन्यात सापडणारी रंगद्रव्ये म्हणजे प्लवकांच्या निरनिराळ्या गटांच्या रंगद्रव्यांची बेरीज असते. डायॅटममध्ये फ्युकोझँथिन असते, बहुतेक प्रकाशसंश्लेषी डायनोफ्लॅजेलेटमध्ये पेरिडिनिन, क्रिप्टोफाइटमध्ये अ‍ॅलोझँथिन, हिरव्या शैवालांत क्लोरोफिल-बी आणि नीलहरित जीवाणूंमध्ये झिअ‍ॅझँथिन. प्रत्येक गटात क्लोरोफिल-एच्या तुलनेत कोणते रंगद्रव्य किती असते, याची सारणी आपण आधी भरून द्यायची. मग प्रोग्राम त्या सारणीतील गुणोत्तरे थोडी थोडी बदलत, प्रत्यक्ष मोजमाप आणि स्वतःचा हिशोब यांतील तफावत कमीत कमी होईल तिथपर्यंत जातो, आणि एकूण क्लोरोफिल-एपैकी कोणत्या गटाचा वाटा किती, हे सांगतो. पेशींची संख्या तो सांगत नाही, कार्बनही सांगत नाही. हा भेद विसरून काढलेले निष्कर्ष मी इतक्या ठिकाणी वाचले आहेत की तो तुम्ही पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवावा असे मला मनापासून वाटते.

अवघड आहे ती सारणी. ती तुम्ही भरता, आणि जो गट तुम्ही तिच्यात लिहिला नाही तो प्रोग्रामला सापडूच शकत नाही. त्याची रंगद्रव्ये लिहिलेल्या गटांत वाटली जातात आणि तक्ता तरीही शंभर टक्के भरतो. शिवाय गुणोत्तरे स्थिर नसतात. भर उन्हात पृष्ठभागाजवळ राहणाऱ्या नीलहरित जीवाणूंमध्ये क्लोरोफिल कमी होते आणि झिअ‍ॅझँथिन जवळपास तेवढेच राहते, त्यामुळे एकच जीव वर आणि खाली दोन निराळ्या जीवांसारखा दिसतो. दक्षिण महासागरातील फिओसिस्टिस या हॅप्टोफाइट गटातील प्लवकाला लोह कमी पडले की त्याच्यातील फ्युकोझँथिन घटते आणि हेक्सॅनॉयलॉक्सिफ्युकोझँथिन वाढते. लोह मुबलक असताना तोच जीव डायॅटमच्या खात्यात जाण्याची भीती असते. म्हणून नमुने आधी खोली, ऋतू आणि पाण्याचा प्रकार यांप्रमाणे वेगळे करायचे, प्रत्येक गठ्ठा स्वतंत्र चालवायचा, आणि एकाच सारणीवर विसंबून न राहता तिच्यातील आकडे यादृच्छिकपणे हलवून अनेक सारण्यांपासून सुरुवात करून पाहायची. साठ सारण्यांची प्रथा या क्षेत्रात पुष्कळांनी पाळली आहे.

तुम्ही औषध कंपनीतील कामाचा उल्लेख थोड्या संकोचाने केला आहे, जणू ते विज्ञान नव्हेच. ते मला मुळीच पटत नाही. तुमच्या विभागात एक रेणू, त्याच्या ठरलेल्या अशुद्धी आणि समोर तुलनेसाठी शुद्ध नमुना, म्हणजे स्टँडर्ड, असते. इथे काचतंतूंच्या फिल्टरवर गाळलेले, द्रव नायट्रोजनमध्ये किंवा उणे ऐंशी अंशांवर ठेवलेले, अ‍ॅसिटोनमध्ये उतरवलेले मिश्रण असते आणि त्यात एकमेकांना खेटून निघणारी वीस-पंचवीस पीक, म्हणजे यंत्राच्या आलेखावरची शिखरे, असतात, आणि त्यांमागची रंगद्रव्ये उजेडात आणि उबेत डोळ्यांदेखत बिघडतात. बेसलाइन कुठून कुठे ओढायची, पीकच्या खांद्यावर बसलेले दुसरे पीक कसे ओळखायचे, स्टँडर्ड जुने झाल्याची शंका केव्हा घ्यायची, हे तुम्ही रोज करत आला आहात. जीवशास्त्रातून येणारे बहुतेक विद्यार्थी यंत्राने आपोआप काढलेला आकडा तसाच उचलतात, आणि तिथे झालेली चूक पुढे कोणतेही सॉफ्टवेअर दुरुस्त करू शकत नाही. एकच उदाहरण देते. १९९१ च्या सुमारास प्रचलित झालेल्या सी-१८ कॉलमच्या (कॉलम म्हणजे एचपीएलसीत घटक वेगळे करणारी नळी) पद्धतीत डायव्हिनाइल क्लोरोफिल-ए साध्या क्लोरोफिल-एपासून वेगळे निघत नसे. २००० आणि २००१ मधील सी-८ कॉलमच्या पद्धतींनी ते वेगळे करता आले. डायव्हिनाइल क्लोरोफिल-ए ही प्रोक्लोरोकॉकस या अतिसूक्ष्म नीलहरित जीवाणूची खूण आहे. म्हणजे उष्ण महासागरांत इतक्या विपुल असलेल्या या जीवाचा वाटा जुन्या आकडेवारीतून काढता येईल की नाही, हे प्रोग्रामच्या फार आधी, कॉलमपाशीच ठरलेले असते.

आता जे सांगते आहे ते मी फारसे कोणाला सांगितलेले नाही. विद्यार्थिदशेत मला उत्तर अरबी समुद्रात हिवाळी सफरीवर जायला मिळाले होते आणि तिथे नॉक्टिल्युकाचा हिरवा बहर मी पाहिला होता. नॉक्टिल्युका हा डायनोफ्लॅजेलेट आहे, त्याची एकेक पेशी नुसत्या डोळ्यांनी दिसण्याएवढी मोठी असते, पण त्याच्यात पेरिडिनिन नसते. त्याच्या पोटात सहजीवी म्हणून राहणाऱ्या सूक्ष्म हिरव्या शैवालांमुळे त्याला रंग येतो, आणि त्या शैवालांत क्लोरोफिल-बी असते. या शतकाच्या सुरुवातीपासून त्या समुद्रात हिवाळ्याच्या शेवटी, जिथे पूर्वी डायॅटम भरभरून यायचे तिथे, हे बहर येऊ लागले. पुढे इथे एका बैठकीत अरबी समुद्राच्या नमुन्यांचा तक्ता पडद्यावर आला आणि त्यात हिरव्या शैवालांचा मोठा वाटा दाखवला होता. मी म्हणाले की हा नॉक्टिल्युका असू शकतो, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला हवे. सारणी प्रमाणित आहे, तफावत अगदी कमी आहे, पुढे चला, असे मला सांगण्यात आले. त्यांचा आकडा रंगद्रव्यांच्या दृष्टीने बरोबरच होता. क्लोरोफिल-बी खरोखर तेवढे होते. परंतु ते पाणी ज्या जीवाने भरले होते त्याचे नाव त्या तक्त्यात कुठेच नव्हते, आणि ते पाणी पाहिलेली त्या खोलीत मी एकटीच होते. मी पुढे काही बोलले नाही. ती गोष्ट अजून माझ्या मनातून गेलेली नाही.

म्हणून माझा सल्ला असा आहे की केमटॅक्सऐवजी सूक्ष्मदर्शक शिकून या. बडोद्यात असताना जिथे मिळेल तिथे, गोड्या पाण्यातले का होईना, प्लवक ओळखण्याचा सराव करा. डायॅटमचे कवच, डायनोफ्लॅजेलेटची खाच, क्रिप्टोफाइटचा तिरपा घाट डोळ्यांत बसू द्या. इथे सॉफ्टवेअर चालवणारे पुष्कळ भेटतील. तक्त्याकडे पाहून ‘हे असे नसणार’ असे म्हणण्याइतकी पाण्याची ओळख असलेले थोडे भेटतील.

मॅटलॅब की आर, याचे उत्तर आर. मूळ केमटॅक्स मॅटलॅबमध्ये होता, नंतर एक्सेलमधून चालणारी आवृत्ती आली. परंतु २०२३ मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी मांडलेले फायटोक्लास हे तेच काम करणारे आरमधील मोफत पॅकेज आहे. ते सिम्युलेटेड अ‍ॅनीलिंगची म्हणजे यादृच्छिक बदल करत हळूहळू चांगल्या उत्तराकडे सरकण्याची पद्धत वापरते, त्यामुळे सुरुवातीच्या गुणोत्तरांवरचे अवलंबन कमी होते. कोणत्या गटात कोणते रंगद्रव्य आहे आणि गुणोत्तराच्या मर्यादा काय, हे मात्र तिथेही माणसानेच ठरवायचे आहे. आरमध्येच संभाव्यतेवर आधारलेल्या बेज पद्धतीने अनिश्चिततेसह उत्तर देणारे बीसीई हे २००८ मधील पॅकेजही आहे. ते कल्पनेने मला सर्वांत प्रामाणिक वाटते.

कागदपत्रांबद्दल एवढेच की तुमच्या सर्व कागदांवरचे नाव आत्ताच एकसारखे करून घ्या. माझ्या पदवीपत्रावर आडनाव आधी आणि वडिलांचे नाव मध्ये, पासपोर्टवर लग्नानंतरचे आडनाव आणि पतीचे नाव मध्ये, अशी आपल्याकडची नेहमीची स्थिती होती. या दोन्ही बायका एकच आहेत हे एका कार्यालयाला पटवण्यात माझा पूर्ण हिवाळा गेला आणि त्या काळात मला प्रयोगशाळेत अधिकृतपणे हात लावता येत नव्हता. माझ्या वडिलांचे नाव माझ्या नावात का आहे, याचे स्पष्टीकरण लेखी द्यावे लागले, हे मला आजही अपमानास्पद वाटते.

शाळेबद्दल लिहिताना हात थांबतो. माझी मुलगी बडोद्यात घरी मराठी, शेजारी गुजराती आणि शाळेत इंग्रजी सहज बोलत असे, आणि वयाच्या मानाने इंग्रजी वाचन तिचे चांगले होते. इथल्या फॉर्मवर घरची भाषा लिहायला एकच ओळ होती. तिथे मी मराठी लिहिले. त्या एका शब्दावरून आणि पहिल्या आठवड्यात गोंधळलेल्या मुलीने दिलेल्या एका वाचन चाचणीवरून तिला भाषा कच्ची असलेल्या मुलांच्या गटात बसवण्यात आले, आणि गणितातही मागे ठेवण्यात आले. काही महिन्यांनी ती त्या गटातून बाहेर आली, पण तोवर मैत्रिणींसमोर मराठीत उत्तर देणे तिने बंद केले होते, आणि ते पुन्हा कधी सुरू झाले नाही. आता ती मोठी आहे, तिला त्यातले काही आठवत नाही. मला सगळे आठवते. तुम्ही मुलाच्या गुणपत्रिकांबरोबर त्याच्या वह्याही आणा, मुलाला सर्व भाषा येतात हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा, आणि महिन्याभराने पुन्हा चाचणी घ्यावी असा अर्ज लेखी द्या. तोंडी विनंतीचा काही उपयोग होत नाही.

एकटेपणाचा प्रश्न मोठा करू नका. काम असते, मराठी माणसे भेटतात, गणपती बसतो, घरी रोज बोलता येते. मला जे खुपते ते वेगळे आहे. दक्षिण महासागराची गुणोत्तरे मला पाठ आहेत, परंतु आमच्या मुलुखातली मही नदी ज्या खंभातच्या आखाताला मिळते तिथल्या गढूळ, प्रचंड भरती-ओहोटीच्या पाण्यातील प्लवकांची गुणोत्तरे मी कधी मोजली नाहीत. दुसऱ्या समुद्रांवरून घेतलेल्या सारण्या आपल्या किनाऱ्याला लावल्या जातात, तेव्हा हे काम माझे होते असे वाटत राहते. तुमच्या हाती ते अजून आहे.

म्हणून होकार कळवण्यापूर्वी तुमच्या मार्गदर्शकांना तीन गोष्टी विचारा. रंगद्रव्यांच्या प्रत्येक फिल्टरबरोबर, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी ल्युगोलच्या आयोडीनमध्ये जपलेला नमुना घेतला जातो का. प्रयोगशाळेत वाढवलेल्या शैवालांवर स्वतःची गुणोत्तरे मोजायला तुम्हाला वेळ आणि यंत्र मिळेल का. आणि प्रबंधातील एक प्रकरण अरबी समुद्रावर करता येईल का. पहिल्या दोन गोष्टींना होकार असेल तर निःशंक या. तिसरीला होकार मिळाला तर तो ई-मेलवर लिहून घ्या, आणि निघण्याआधी भारतातील कोणती संस्था नमुने देऊ शकेल याची बोलणी सुरू करा, कारण परवानग्यांना वेळ लागतो आणि इथे आल्यावर ती बोलणी दुरून करणे फार कठीण जाते.