लायबेरिका कॉफी म्हणजे काय? ती अरेबिका-रोबस्टापेक्षा वेगळी कशी?

अरेबिका आणि रोबस्टाखेरीज जी थोडीफार लागवडीत आहे ती ही लायबेरिका. मूळची पश्चिम आफ्रिकेची. माझं स्पष्ट मत आहे की तिच्यावर अन्याय झालाय.

झाड बघितलंत तर कॉफीचं वाटणारच नाही. मोकळं वाढू दिलं तर १५ मीटरच्या वर जातं, तोडणीला शिडी लागते. पानं जाड, वीतभर लांब. बी मोठी, एका टोकाला निमुळती. फळाची साल आणि गर इतके जाड, की तेवढ्याच फळांतून अरेबिकापेक्षा बरीच कमी बी हाती लागते.

तिची बदनामी झाली ती या गरामुळेच. तो सावकाश वाळतो, जरा दुर्लक्ष झालं की आंबतो, आणि तो वास बियांत उतरतो. पिकलेली फळं निवडून नीट वाळवली, तर कोकणातल्या माणसाला चटकन ओळखू येईल असा फणसाचा गोडसर वास कपातून येतो. मला तो फार आवडतो.

१८६९ मध्ये श्रीलंकेत पानांवरचा तांबेरा हा बुरशीचा रोग आला आणि अरेबिकाचे मळे बसले. तेव्हा उष्ण सखल भागात टिकणारी म्हणून लायबेरिका आशियात आणली गेली. पुढे जास्त उत्पन्न देणारा रोबस्टा आला आणि ही मागे पडली. आज ती मुख्यतः मलेशियातल्या जोहोरमध्ये आणि फिलिपिन्सच्या बातांगासमध्ये दिसते. फिलिपिन्समध्ये तिला बाराको म्हणतात.

आपल्याशी तिचं नातं मात्र जवळचं आहे. अरेबिका-लायबेरिकाच्या नैसर्गिक संकरातून आलेल्या एस.२८८ या वाणाचा केंट्स या अरेबिकाच्या वाणाशी संकर करून कर्नाटकातल्या बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रात एस.७९५ तयार झाला. तांबेऱ्याशी झुंजण्याचा गुण त्यात लायबेरिकाकडून आला. चिकमगळूर-कोडगूची अरेबिका पीत असाल, तर हा वाण तुमच्या कपात येऊन गेला असण्याची दाट शक्यता आहे.

विकत घेणार असाल तर मध्यम भाजलेली घ्या आणि पहिल्यांदा चिकोरीशिवाय प्या, नाहीतर तो वास कळणारच नाही. पाकिटावर ‘एक्सेल्सा’ लिहिलं असेल तर ती वेगळी समजा. बरीच वर्षं तिला लायबेरिकाचाच प्रकार मानत, पण २०२५ च्या जनुकीय अभ्यासाने ती स्वतंत्र प्रजाती ठरवली आहे.