अगोचर : कोणाला आणि कुठवर?

डिचोलीच्या एका वाचक भगिनींचा प्रश्न असा आहे : मुलांसाठी लिहिलेल्या एका विज्ञानलेखात त्यांना 'वटवाघळाचा ध्वनी मानवाला अगोचर असतो' हे वाक्य आढळले, घरी मात्र आजी सगळीकडे हात घालणाऱ्या पणतवाला 'अगोचर पोर' म्हणते. हा शब्द एकच आहे का, अगोचर, अदृश्य आणि अतींद्रिय यांत भेद कोणता, आणि डोळ्यांसमोर असूनही जे लक्षात येत नाही त्याला अगोचर म्हणता येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

शब्द एकच आहे. 'गोचर' म्हणजे मुळात गाई चरतात ती जागा, आणि त्यावरून कोणाच्याही वावराचे, आवाक्याचे क्षेत्र. कठोपनिषदात इंद्रियांना घोडे म्हटले असून 'विषयांस्तेषु गोचरान्' या शब्दांत विषय (रूप, शब्द यांसारख्या इंद्रियांना जाणवणाऱ्या गोष्टी) हे त्या घोड्यांच्या संचाराचे मार्ग ठरवले आहेत. जनावर बदलले तरी कल्पना तीच राहते : प्रत्येक इंद्रियाला आपले एक रान आहे आणि त्या रानाला हद्द आहे. आपल्याकडे पावसात सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, गवत उगवले की गुरे तिथे चरतात, पण कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) वईपाशी, म्हणजे कुंपणापाशी, त्यांना थांबावे लागते. म्हणून वईपलीकडे काहीच नसते असे कोणी म्हणत नाही. 'अगोचर' या शब्दात मला ही वई दिसते. वस्तू नाही असे तो सांगत नाही, आपण तिच्यापर्यंत जाऊ शकत नाही एवढेच सांगतो.

म्हणूनच 'कोणाला?' या प्रश्नाचे उत्तर सोबत असल्याशिवाय हा शब्द पुरा होत नाही, असे माझे आग्रहाचे मत आहे. माणसाचा डोळा साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश टिपतो आणि तरुण, निरोगी कान सुमारे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकतो. तांबड्या रंगाच्या पलीकडचे अवरक्त किरण विल्यम हर्शेल यांना १८०० साली आढळले, तेही तापमापकाचा पारा चढला म्हणून. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हते. गोव्यातल्या म्हादईच्या रानातल्या चापडा या विषारी सापाला मात्र डोळा आणि नाकपुडी यांमधल्या खाचेमुळे याच किरणांवरून सावजाची ऊब कळते. मधमाशीला फुलावरच्या अतिनील खुणा दिसतात, पण तांबडा रंग तिला रंग म्हणून जाणवत नाही, म्हणजे आपल्या रानाचा एक तुकडा तिच्या वईबाहेर आहे. तेव्हा 'अगोचर किरण' असे मोघम लिहिण्याऐवजी 'मानवी डोळ्याला अगोचर' असे लिहावे.

'अदृश्य' हा शब्द त्याहून अरुंद आहे. तो केवळ डोळ्यापुरता बोलतो. गावचा राखणदार, म्हणजे गावाची राखण करणारा देव, रात्री सीमेवरून फिरतो आणि त्याच्या काठीचा आवाज ऐकू येतो, असे आपल्याकडची जुनी माणसे सांगतात. या सांगण्यातला राखणदार अदृश्य आहे, पण कानाला गोचर आहे, म्हणून त्याला सरसकट अगोचर म्हणणे भाषेच्या दृष्टीने बरोबर नाही. 'अतींद्रिय' याच्या उलट टोकाला आहे : जे कोणत्याच इंद्रियाचा विषय होत नाही ते. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात 'अतींद्रिय परि भोगवीन । इंद्रियांकरवीं' (इंद्रियांपलीकडचे असले तरी ते इंद्रियांकडूनच अनुभवायला लावीन) अशी प्रतिज्ञा केली, तिचे मोल या शब्दाचा पूर्ण अर्थ धरला तरच कळते. अतिनील किरणांना अतींद्रिय म्हटले, तर हा शब्द फुकट जातो.

शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डॅनिएल सायमन्स आणि ख्रिस्तोफर चॅब्रिस यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रेक्षकांना चित्रफितीतले खेळाडू चेंडू किती वेळा एकमेकांकडे टाकतात हे मोजायला सांगितले होते; खेळाच्या मधून गोरिलाचा वेश केलेली व्यक्ती चालत गेली आणि जवळजवळ निम्म्या प्रेक्षकांना ती जाणवलीच नाही. ती व्यक्ती अगोचर नव्हती. तिचा प्रकाश डोळ्यांत शिरला होता, वई कुठेच आडवी आली नव्हती. कमी पडले ते अवधान. मराठीत यासाठी 'अनवधान' हा शब्द तयार आहे, आणि रोजच्या बोलण्यात 'भान नव्हते' हा प्रयोग आहे. संस्कृतात 'भान' म्हणजे भासणे, प्रकाशणे. मराठीने त्याच शब्दाचा अर्थ वस्तूकडून पाहणाऱ्याकडे वळवला, आणि आपण 'भानावर येतो' तेव्हा भान ही जणू उभे राहण्याची जागाच होते. इंद्रियाची मर्यादा आणि जाणिवेची मर्यादा यांना वेगळे शब्द असताना दोन्हींवर 'अगोचर' लादू नये. अंधबिंदूचे उदाहरण मात्र दोहोंच्या सीमेवरचे आहे : दृक्‌चेता (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस) डोळ्याबाहेर पडते त्या ठिकाणी प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात, म्हणून तिथे पडणारी प्रतिमा त्या डोळ्याला खरोखर अगोचर असते, पण मेंदू ती जागा भरून काढत असल्यामुळे काही दिसत नाही याचेही भान आपल्याला राहत नाही.

आता आजींच्या बोलण्याविषयी. 'अगोचर पोर' हा प्रयोग शुद्ध मराठी आहे आणि तो मुळापासून तुटलेला नाही, असे मला वाटते. आपल्या वावराची हद्द न मानता जिथे जायचे नाही तिथे जाणारे, ज्याला हात लावायचा नाही त्याला हात लावणारे मूल, म्हणजे वई ओलांडून कुळागरात शिरलेले वासरूच. शास्त्रीय अर्थात वस्तू हद्दीपलीकडे असते, घरगुती अर्थात मूल हद्दीपलीकडे जाते.

लेखनासाठी एक सूचना : 'दृष्टिगोचर' मधली 'ष्टि' ऱ्हस्व लिहावी, आणि 'दृग्गोचर' मध्ये ग दोनदा येतो. वटवाघळाविषयीचे वाक्य मी असे लिहिले असते : 'कीटक टिपताना वटवाघूळ काढते ते बहुतेक ध्वनी मानवी कानाला अगोचर असतात.'