तुलना कुणाशी केली? संशोधनाच्या बातम्यांवर वाचकांचे प्रश्न

विद्यापीठांमधून रोज नवं संशोधन बाहेर पडतं आणि त्यातलं अर्धंमुर्धं आपल्या फोनवर येऊन पोचतं. मग पत्रं येतात: हे खरं का? आणि खरं असेल तर मी काय करू? मी साथरोगशास्त्र शिकवते. कुठलाही अभ्यास हातात आला की मी आधी एकच गोष्ट शोधते. ज्यांना फायदा किंवा तोटा झाला असं म्हटलंय, त्यांची तुलना कुणाशी केली? खालच्या बहुतेक उत्तरांत हाच प्रश्न फिरून येईल, त्याला इलाज नाही.

प्रश्न: नागिणीची लस घेतली तर डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) टळतो असं वाचलं. माझं वय ६६. वडिलांची शेवटची वर्षं डिमेन्शियात गेली, त्यामुळे ही बातमी डोक्यातून जात नाही. लस घ्यावी का?

आधी तो अभ्यास नीट सांगते, कारण अलीकडच्या काळात इतकं देखणं काम मी फार कमी पाहिलंय.

लशींच्या अभ्यासात एक जुनी अडचण असते. आपणहून लस घेणारे लोक मुळातच तब्येतीला जपणारे असतात. ते फिरायला जातात, तपासण्या वेळेवर करतात, औषधं चुकवत नाहीत. पुढे त्यांना डिमेन्शिया कमी झाला, तर श्रेय लशीचं की स्वभावाचं, हे सांगता येत नाही.

वेल्समध्ये १ सप्टेंबर २०१३ पासून नागिणीची लस द्यायला सुरुवात झाली, तेव्हा सरकारने एक कडक नियम केला. २ सप्टेंबर १९३३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लस मिळेल, त्याआधी जन्मलेल्यांना कधीच मिळणार नाही. म्हणजे २८ ऑगस्टला जन्मलेली बाई कायमची बाहेर आणि ५ सप्टेंबरला जन्मलेली आत. दोघी ऐंशीच्या, वयात फरक जेमतेम आठवड्याचा. शिक्षण, पैसा, सवयी यांत या दोन गटांमध्ये फरक असायचं काही कारणच नाही. पण लस घेणाऱ्यांचं प्रमाण बघा: आठवड्याने मोठे असलेल्यांत ०.०१ टक्के, आठवड्याने लहान असलेल्यांत ४७.२ टक्के. एका सरकारी तारखेने नकळत एक प्रयोगच मांडून ठेवला होता.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या पास्कल गेल्डसेट्झर आणि सहकाऱ्यांनी वेल्समधल्या २.८ लाखांहून अधिक वृद्धांच्या वैद्यकीय नोंदी तपासल्या. एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आलेला निष्कर्ष असा: लस घेतल्यामुळे पुढच्या सात वर्षांत डिमेन्शियाचं नवं निदान साधारण एक पंचमांशाने कमी झालं. शंभर जणांनी लस घेतली तर त्यातल्या तीन-चार जणांचं निदान टळलं, असा त्याचा अर्थ. स्त्रियांमध्ये परिणाम जास्त दिसला. त्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे इतर आजारांतही असाच फरक पडतोय का, हेही त्यांनी तपासलं. तसा फरक आढळला नाही.

असं का होत असावं? कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू मज्जापेशींमध्ये दडून राहतो आणि उतारवयात पुन्हा डोकं वर काढतो, तीच नागीण. हा विषाणू दबून राहिल्यामुळे मेंदूजवळचा दाह कमी होत असेल, किंवा लशीमुळे एकूण प्रतिकारशक्तीच सुधारत असेल. यातलं नेमकं काय, याचा निकाल लागलेला नाही.

आता तुमचं. वेल्समधली लस जुन्या पद्धतीची, जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची होती. आता बऱ्याच देशांत नवी, विषाणूतलं फक्त एक प्रथिन वापरणारी लस देतात. तिच्या बाबतीतही संकेत चांगले आहेत. ऑक्सफर्डच्या २०२४ च्या अभ्यासात जुनी लस घेतलेल्यांपेक्षा नवी घेतलेल्यांचा डिमेन्शियाविना गेलेला काळ जास्त भरला. पण मुळात लस घ्यायला नागीण हेच कारण पुरेसं आहे. पुरळ गेल्यावरही महिनोन्‌महिने जाळणारी ती वेदना ज्यांनी भोगली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. तुमच्या वयाला ही लस योग्य आहे. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण जिवंत विषाणूची लस अशा वेळी चालत नाही. डिमेन्शिया टळला तर तो वरचा लाभ. त्यासाठी रक्तदाब आटोक्यात ठेवा, ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावा. या दोन गोष्टींकडे लोक फार दुर्लक्ष करतात.

प्रश्न: मी ५१ वर्षांची आहे. रात्री घामाने अंथरूण भिजतं, झोप नाही. डॉक्टरांनी हॉर्मोनच्या गोळ्या सुचवल्यात. पण त्यांनी स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढतो असं मैत्रिणीने दाखवलं. आता हिंमत होत नाही.

हा आकडा खरा आहे. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या चाचणीतून तो २००२ साली आला. १६,६०८ स्त्रियांपैकी काहींना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या दोन हॉर्मोनची एकत्र गोळी दिली, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली. तुलना चोख होती. घोटाळा झाला तो आकडा लोकांपर्यंत पोचताना.

२६ टक्के, पण कशाच्या? औषध नसलेली गोळी घेणाऱ्या १०,००० स्त्रियांमध्ये वर्षाला सुमारे ३० जणींना स्तनाचा कर्करोग झाला. हॉर्मोन घेणाऱ्या १०,००० मध्ये ३८ जणींना. वर्षाला दहा हजारांत आठ जणी जास्त. त्या आठ जणींचं दुःख मी कमी लेखत नाही. पण २६ टक्के हा शब्द कानावर पडला की शंभरातल्या सव्वीस जणी डोळ्यांपुढे येतात, आणि तसं तिथे कुठेच नव्हतं. त्याच चाचणीत पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्याही थोड्या वाढल्या, हाडं मोडण्याचं प्रमाण मात्र कमी झालं.

दुसरी गोष्ट वयाची. त्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहाएक वर्षं झालेली. तुम्ही ५१ च्या आहात आणि त्रास आत्ता होतोय. पुढे वयोगटानुसार विश्लेषण झालं, तेव्हा पन्नाशीतल्या स्त्रियांसाठी फायद्या-तोट्याचं पारडं बरंच वेगळं दिसलं. शिवाय गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना नुसतं इस्ट्रोजेन दिलेल्या स्वतंत्र चाचणीत स्तनाचा कर्करोग वाढलाच नाही.

२००२ नंतर असंख्य स्त्रियांनी एका रात्रीत गोळ्या बंद केल्या आणि वर्षानुवर्षं घाम, जागरणं, चिडचिड मुकाट्याने सोसली. याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमचं तसं होऊ नये. स्वतःला पूर्वी स्तनाचा कर्करोग, पायात किंवा फुप्फुसात गुठळी, पक्षाघात यांपैकी काही झालं असेल तर हा उपचार सहसा देत नाहीत. तसं काही नसेल तर डॉक्टरांना विचारा: माझं गर्भाशय शाबूत आहे, मग कोणतं औषध? गोळीऐवजी त्वचेवर लावायची पट्टी चालेल का? किती काळ घ्यायचं आणि फेरविचार कधी करायचा?

प्रश्न: रोज १०,००० पावलं होत नाहीत, ५-६ हजारच होतात. काही उपयोग आहे का?

भरपूर आहे. १०,००० हा आकडा कुठल्या अभ्यासातून आलेला नाही. जपानमध्ये १९६५ साली पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या जाहिरातीतून तो पसरला. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी २०१९ मध्ये १६,७४१ वृद्ध स्त्रियांची पावलं मोजली. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं आणि ७,५०० च्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. यातला काही भाग असाही आहे की आजारी माणूस मुळातच कमी चालतो. पण दिशा पक्की आहे. चालत राहा, जमलं तर हजारभर वाढवा.

प्रश्न: मुलगी १३ वर्षांची आहे. एक संशोधन म्हणतं मोबाइलमुळे मुलं नैराश्यात जातात, दुसरं म्हणतं संबंध नगण्य. आईने काय समजायचं?

दोन्ही निष्कर्ष कधी कधी अगदी एकसारख्याच माहितीतून निघालेले असतात! माहिती प्रचंड असली की ती मांडायचे हजारो मार्ग असतात. कोणते प्रश्न ‘मनःस्वास्थ्य’ म्हणून धरायचे, टीव्ही मोजायचा की नाही, घरची परिस्थिती लक्षात घ्यायची की नाही. मार्ग बदलला की उत्तर बदलतं. ऑक्सफर्डच्या एमी ऑर्बन आणि अँड्र्यू प्रिझबिल्स्की यांनी २०१९ मध्ये एक वेगळी वाट धरली. ब्रिटन आणि अमेरिकेतल्या ३,५५,३५८ किशोरवयीन मुलांची माहिती घेऊन तिच्या विश्लेषणाचे हजारो सयुक्तिक मार्ग चालवून पाहिले. मुलांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकांपैकी जास्तीत जास्त ०.४ टक्के फरकाचा संबंध डिजिटल साधनांशी लागला. त्याच माहितीत दादागिरी सोसण्याचा संबंध कितीतरी मोठा होता, आणि पुरेशा झोपेचा चांगल्या बाजूने मोठा.

मग काळजी सोडायची? नाही. हा सरासरीचा आकडा आहे, आणि सरासरीत एखाद-दुसऱ्या मुलाचं मोठं नुकसान दिसेनासं होतं. शिवाय मावशीशी व्हिडिओ कॉल आणि रात्री दोनला अनोळखी माणसाच्या शिव्या, दोन्ही ‘स्क्रीन’ म्हणूनच मोजले जातात. जीन ट्वेंगी यांच्यासारख्या संशोधकांचं म्हणणं असं की सोशल मीडिया आणि मुली एवढंच वेगळं काढून पाहिलं तर संबंध अधिक ठळक दिसतो. हा आक्षेप मला बिनतोड वाटत नाही, पण मी तो झटकूनही टाकणार नाही. उदास मूल फोनकडे वळतं की फोनमुळे उदास होतं, हेही अशा पाहण्यांतून कळत नाही.

मी तुमच्या जागी असते तर तास मोजण्यापेक्षा झोप राखली असती. रात्री फोन झोपायच्या खोलीबाहेर, घरातल्या सगळ्यांचा. आणि ती काय बघते, कुणाशी बोलते, हे रागावून नव्हे तर शेजारी बसून विचारलं असतं. ती दोन-तीन आठवडे गप्प गप्प असेल, जेवणात-झोपेत फरक पडला असेल किंवा जगण्याबद्दल नकोसं बोलत असेल, तर कुठल्याही संशोधनाची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न: पूर्वी म्हणायचे थोडी दारू हृदयाला चांगली. आता म्हणतात थेंबही नको. शास्त्रज्ञांचं एकदा काय ते का ठरत नाही?

यातही घोळ तुलनेचाच होता. जुन्या अभ्यासांमध्ये ‘न पिणारे’ म्हणून जो गट धरला, त्यात आजारी पडल्यामुळे दारू सोडलेले लोकही होते. अशा गटापुढे बेताने पिणारे ठणठणीत दिसणारच. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या टिम स्टॉकवेल आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये १०७ अभ्यास, म्हणजे ४८ लाखांहून अधिक लोक, पुन्हा तपासले. असे दोष दुरुस्त केल्यावर थोडी पिणाऱ्यांचा फायदा उरला नाही. कर्करोगाचा धोका तर आधीपासूनच माहीत होता. तेव्हा औषध म्हणून दारू घेत असाल तर खुशाल बंद करा. मात्र रोज भरपूर प्यायची सवय असेल तर एकदम तोडू नका. झटके येऊन जिवावर बेतू शकतं, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा.

प्रश्न: एका विद्यापीठाच्या रुग्णालयात मला औषधाच्या चाचणीत भाग घ्याल का, असं विचारलंय. घरचे म्हणतात, कशाला स्वतःवर प्रयोग करून घेतोस?

घरच्यांची भीती मी समजू शकते. पण २०२० मधली एक गोष्ट त्यांना सांगा. कोविडच्या रुग्णांना स्टेरॉइड द्यावं की नाही, यावर डॉक्टरांमध्ये तेव्हा सरळ दोन तट होते. दोन्हीकडे अनुभवी, सज्जन माणसं. ऑक्सफर्ड विद्यापीठाने मार्चमध्ये ‘रिकव्हरी’ चाचणी सुरू केली. कुणाला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड मिळणार, हे संगणक चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचा. २,१०४ रुग्णांना ते मिळालं, ४,३२१ जणांना नेहमीचेच उपचार. जूनमध्ये निकाल आला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमध्ये मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर उतरले. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांमध्ये २६.२ वरून २३.३ वर. आणि ज्यांना ऑक्सिजनही लागत नव्हता त्यांना काडीचा फायदा नाही, उलट अपाय होत असावा अशी शंका.

म्हणजे एकच जुनं, स्वस्त औषध कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे तीन महिन्यांत जगाला कळलं. नुसत्या अनुभवावर विसंबलो असतो तर दोन्ही तट आजही भांडत बसले असते. जे रुग्ण खाटेवर धापा टाकत असताना ‘हो’ म्हणाले, त्यांच्यामुळे हे झालं. त्यांच्याबद्दल मला फार कृतज्ञता वाटते.

म्हणून हो म्हणाच, असं मात्र मी म्हणणार नाही. आधी विचारा: मी चाचणीत आलो नाही तर मला कोणता उपचार मिळेल? ज्यांना नवं औषध मिळणार नाही त्यांना काय मिळेल, नेहमीचं औषध की काहीच नाही? चाचणीला नीतिमत्ता समितीची मंजुरी आहे का, आणि ती सार्वजनिक नोंदवहीत नोंदवलेली आहे का? अपाय झाला तर उपचारांचा खर्च कुणाचा? रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा? संमतिपत्र घरी आणा, घरच्यांना वाचायला द्या, घाई करणाऱ्याला थांबायला सांगा. सही केल्यावरही कारण न देता कधीही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे तुमच्या नेहमीच्या उपचारांत फरक पडता कामा नये. हे त्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर सही करू नका.